बेसबॉलचा संघ कसा जोखायचा: माझी वहीची पद्धत

कॅलिफोर्नियात आलो तेव्हा बेसबॉल मी क्रिकेटच्याच डोळ्यांनी बघायचो. उंच फटके मारेल तो मोठा! आता सीझन लागला की दोनशेपानी वही काढतो आणि फ्रंट ऑफिसने, म्हणजे खेळाडू निवडणाऱ्या व्यवस्थापनाने, संघ कसा बांधलाय ते स्वतः ताडून पाहतो. तुम्हीही पाहा, अवघड काही नाही.

आधी रन बघा, जिंकलेले सामने नंतर. केलेल्या रनांचा वर्ग करा, दिलेल्या रनांचाही करा. दोन्हींच्या बेरजेने पहिल्याला भागा आणि सीझनच्या १६२ सामन्यांनी गुणा; एवढे विजय अपेक्षित. २००२ साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या संघाने ८०० रन केले, ६५४ दिले. उत्तर येतं ९७ विजय. प्रत्यक्षात १०३ झाले. म्हणजे सहा विजय अटीतटीच्या सामन्यांनी पदरात टाकले, पण ९७चा संघही भक्कमच.

मग बॅटर. नऊ इनिंगांत आपल्याला २७ आऊट मिळतात, तीच सगळी पुंजी. समजा, दोन बॅटर आहेत, दोघेही ६०० वेळा बॅटिंगला आले. पहिल्याचे १७४ हिट (फटका मारून बेस गाठणं), २० वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस). दुसऱ्याचे हिट फक्त १३२, पण वॉक ९०. सरासरीत वॉकच्या वेळा धरतच नाहीत; ती पहिल्याची .३००, दुसऱ्याची .२५९, म्हणून पेपरात नाव पहिल्याचं. बेसवर मात्र दुसरा २८ वेळा जास्त पोचला. मी दुसऱ्यालाच घेईन.

स्कॉट हॅटबर्ग असाच. बॉस्टनचा कॅचर (बॅटरमागचा, विकेटकीपरसारखा), पण कोपराची नस दुखावली आणि थ्रो गेला. ऑकलंडने त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं, कारण तिथे थ्रो फारसा लागत नाही आणि त्यांना हवी होती वाईट चेंडू ओळखून सोडणारी त्याची नजर. २००२ मध्ये तो .३७४ने, म्हणजे शंभरातल्या सदतीसेक वेळा, बेसवर पोचला. ४ सप्टेंबरला ११-० ची आघाडी घालवून ११-११ झालेलं असताना नवव्या इनिंगमध्ये त्यानेच होमरन (मैदानाबाहेरचा फटका) मारला. सलग विसावा विजय! तो फटका मी आजही बघतो.

शेवटचा रकाना कराराचा. साधारण पहिली तीन वर्षं पगार लीगच्या किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादाच्या धाकाने वाढता, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू हव्या त्या संघाकडे जायला मोकळा. ऑकलंडचा जेसन जियांबी २००१नंतर असाच न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडे गेला. म्हणून प्रत्येक नावापुढे उरलेली वर्षं लिहा.

सीझनच्या सुरुवातीच्या, एप्रिलच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. वॉकचं प्रमाण लवकर स्थिरावतं, हिटचं नाही. मे संपेपर्यंत सरासरीच्या रकान्यात मी पेन्सिलच वापरतो.