गावी बसून ट्रान्झिस्टरचं मॉडेल घालायचंय? मग हे आधी करा

सुट्टीत गावी लो-नॉईज ॲम्प्लिफायरचं, म्हणजे क्षीण सिग्नल फारसा गोंगाट न मिसळता वाढवणाऱ्या सर्किटचं, काम काढणार असाल, तर यवतमाळची बस धरण्याआधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. आमच्याकडे रेंज स्लॅबवर चढल्याशिवाय येत नाही, आणि मे महिन्यात भर दुपारी स्लॅबवर कोण चढतं बाप्पा! क्यूक्ससारखं फुकटचं सिम्युलेटर (सर्किट संगणकावरच चालवून बघायचं सॉफ्टवेअर), ट्रान्झिस्टरची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक), स्पाइस मॉडेल (ट्रान्झिस्टरचं सिम्युलेटरला कळणारं वर्णन) आणि एस-पॅरामीटरच्या फायली (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल परततो आणि किती पार जातो याचे मोजलेले आकडे) एवढं पेनड्राइव्हवरही ठेवा.

फायली म्हटलं, कारण एक पुरत नाही. प्रत्येक फाइल एकाच बायसवर, म्हणजे ट्रान्झिस्टरला दिलेल्या ठरावीक डीसी व्होल्टेज-करंटवर, मोजलेली असते. 20 मिलिअँपिअरची फाइल 5 मिलिअँपिअरच्या सर्किटला लावली तरी आलेख छान येतो, पण तो तुमच्या सर्किटचा नसतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून हॅशच्या खुणेची ओळ वाचा: मेगाहर्ट्झ की गिगाहर्ट्झ, डेसिबल की साधा आकडा, रोध 50 ओहमच ना? दोन पोर्टच्या (एक इनपुट, एक आउटपुट) फायलीत एस-11 च्या (इनपुटवरून परतणारा सिग्नल) लगेच पुढे एस-21 (इनपुटकडून आउटपुटला जाणारा) येतो आणि एस-12 (उलट दिशेचा) त्याच्यानंतर. आकडे हाताने टाकणारे इथेच फसतात. फायलीच्या शेवटी नॉईजचे आकडे नसतील तर तिच्यावरून नॉईज फिगर (सर्किट स्वतःचा किती गोंगाट मिसळतं त्याचं माप) काढता येणार नाही.

बायसचं सर्किट तपासायला स्पाइस मॉडेलच लागतं. त्यात आकड्यामागचा एम म्हणजे मिली; मेगासाठी एमईजी. मॉडेल सबसर्किट (एका नावाखाली बांधलेलं छोटं सर्किट) म्हणून दिलं असेल, तर त्याच्या पायांचा क्रम सिम्युलेटरमधल्या चिन्हाशी जुळवून पाहा. मी एकदा बेस आणि कलेक्टर उलटे जोडले आणि गेन कुठे गेला म्हणून दोन रात्री जागलो. दुसऱ्या रात्री तर लाईनच गेली. पॅकेजच्या पायांचं इंडक्टन्स मॉडेलमध्ये धरलंय का, हेही बघा. आणि तापमान! स्पाइस 27 अंश धरून चालतं. आपल्याकडे मे महिन्यात तेवढं पहाटेसुद्धा मिळणं कठीण, तेव्हा 45 वरही एकदा चालवा.

मॅचिंगला (इनपुट-आउटपुटचा रोध जुळवण्याला) हात लावण्याआधी नुसता ट्रान्झिस्टर दोन 50 ओहम पोर्टच्या मध्ये ठेवा, डेटाशीटमधलाच बायस द्या आणि एस-21 तिथल्या तक्त्याशी ताडून बघा. जुळला नाही तर पुढे जाऊ नका, पायांचा क्रम पुन्हा बघा. जुळला, तर स्थिरतेचा के (ॲम्प्लिफायर स्वतःहून ऑसिलेट होईल का ते सांगणारा आकडा) फक्त आपल्या बँडमध्ये नाही, फायलीतल्या शेवटच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत तपासा. हे सगळं बॅटरी भरलेली असतानाच करा.