पूर ओसरला, ताप उतरला, चित्ता नामशेष झाला: हे इंग्रजीत कसं लिहायचं

भाचीच्या निबंधात पूर, धुकं आणि चित्ता तिघंही एकाच शब्दाने गेलेले दिसले, डिसअपिअर्ड, म्हणून हे लिहायला बसलो. मराठीत आपण असं कधी करत नाही बघा. पूर ओसरतो, विहीर आटते, धुकं विरतं, ताप उतरतो, रंग उडतो. इंग्रजीतही जे जातंय त्याप्रमाणे शब्द बदलतो, त्यामुळे आधी मराठी क्रियापद नीट पकडायचं आणि मग त्याचा इंग्रजी जोडीदार शोधायचा. पूर रिसीड होतो, विहीर ड्राय अप होते, धुकं लिफ्ट होतं, रंग आणि आठवणी फेड होतात, भुलीच्या इंजेक्शनचा असर वेअर ऑफ होतो. इथे चुकून वेअर आऊट लिहू नका, वेअर आऊट चपला होतात.

पेट्रोल संपलं तर 'पेट्रोल इज फिनिश्ड' आपल्या तोंडात पटकन येतं, पण 'वी रॅन आऊट ऑफ पेट्रोल' म्हणायची सवय लावा.

मग बघायचं की अचानक गेलं की हळूहळू. व्हॅनिशमध्ये अचानकपणा आहे, आत्ता होतं आणि आत्ता नाही, डिसअपिअर दोन्हीकडे चालतं. पण दोन्ही क्रियापदं आपोआप घडणारी आहेत, म्हणून 'माय कीज वॉज डिसअपिअर्ड' चूक, नुसतं 'माय कीज डिसअपिअर्ड'. हळूहळू संख्या किंवा साठा रोडावत जात असेल तर ड्विंडल. आणि जोरात सुरू झालेली गोष्ट, म्हणजे चर्चा, आंदोलन, पाऊस, कधी रस्तासुद्धा, दम संपून विरत गेली की पीटर आऊट, हा माझा अगदी आवडता शब्द.

आता डाय ऑफ आणि डाय आऊट, इथे बरेच जण अडकतात. भारतातली गिधाडं १९९० च्या दशकात भराभर डाय ऑफ झाली, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. म्हणजे एकामागून एक मेली, पण थोडी उरली, म्हणून डाय आऊट नाही झाली. डाय आऊट म्हणजे एकही शिल्लक नाही, हे प्राण्यांना, बोलीभाषांना, रूढींना चालतं. एक्स्टिंक्ट हे विशेषण आहे, 'एक्स्टिंक्टेड' असा शब्दच नाही. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, ते लिहायचं 'द चीता वॉज डिक्लेअर्ड एक्स्टिंक्ट इन इंडिया'. शेवटचं इन इंडिया गाळू नका, आफ्रिकेत चित्ते होतेच की, २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो अभयारण्यात आणले ते नामिबियातूनच.

कोणीतरी ठरवून बंद करत असेल तर फेज आऊट. इथे एका छोट्या शब्दाचं वजन किती असतं ते २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत दिसलं, मसुद्यात कोळशासाठी फेज आऊट होतं, भारताने आग्रह धरला आणि अंतिम मजकुरात फेज डाऊन आलं. आऊट म्हणजे शून्यावर आणायचं, डाऊन म्हणजे कमी करत जायचं.

माणसांच्या जाण्यात सगळ्यात जास्त गोंधळ लीवचा. पुण्याहून निघालो, 'आय लेफ्ट पुणे'. पुण्याला निघालो, 'आय लेफ्ट फॉर पुणे'. 'लीव्हिंग टू पुणे' हे आपल्या 'ला'मुळे होतं. एक फॉर विसरलात तर स्टेशनवर घ्यायला येणारा माणूस समजेल तुम्ही तिथून गेलात, म्हणून ही दोन वाक्यं तोंडपाठच करा.

आणि एक, कोणी वारल्यावर आपल्याकडे सर्रास एक्स्पायर्ड लिहितात. भारतात कोणाला खटकत नाही, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला पासपोर्ट नाहीतर दुधाची पिशवी आठवते, तर तिकडे सांत्वनाचा मेसेज पाठवताना पास्ड अवे लिहा, किंवा सरळ डाइड, त्यात उद्धटपणा काही नाही.