चैत्राच्या उन्हाआधी लॅपटॉपची बॅटरी : लिनक्स वापरणाऱ्यांसाठी तयारीची यादी

परभणी, नांदेड, जालना, कुठेही राहत असलात तरी होळीनंतरचे पंधरा दिवस हीच लॅपटॉपची बॅटरी तपासून घेण्याची खरी वेळ आहे. एप्रिलमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात तो ४२-४३ अंशांवर रेंगाळतो, आणि ऐन दुपारी लाईट गेली म्हणजे बॅटरीत किती जीव उरला आहे हे कळते. पण तोवर करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत नऊ जुने लॅपटॉप आहेत, काहींवर लिनक्स मिंट आणि काहींवर डेबियन (ही दोन्ही लिनक्सची वितरणे, म्हणजे तयार रूपे), आणि दरवर्षी मार्चमध्ये ज्या क्रमाने मी ते तपासतो त्याच क्रमाने ही यादी लिहिली आहे.

इंटरनेट नीट चालू असताना लागणारी साधने आधी उतरवून घ्यावीत. यूपॉवर, म्हणजे बॅटरीची माहिती देणारी सेवा, बहुतेक डेस्कटॉपसोबत आलेलीच असते. टीएलपी (वीज वाचवणारे आणि चार्जिंगवर मर्यादा घालणारे), पॉवरटॉप (कशाला किती वीज लागते ते दाखवणारे) आणि एसीपीआय (बॅटरीची स्थिती दाखवणारे) ही तीन वेगळी घ्यावी लागतात. टीएलपी घेताना एक दक्षता पाळावी : काही वितरणांमध्ये पॉवर प्रोफाइल्स डीमन नावाची सेवा आधीपासून चालू असते आणि या दोघांचे एकत्र जमत नाही, म्हणून एकच ठेवावे. आज्ञांची नावे इथे देवनागरीत लिहिली असली तरी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीत, लहान अक्षरांतच द्यायची आहेत, हे नवख्यांसाठी सांगून ठेवतो.

त्यानंतर मूळ आकडे वाचावेत. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, बॅटरीची माहिती साध्या फायलींच्या रूपात समोर ठेवतो. 'सिस' या फोल्डरात 'क्लास', त्यात 'पॉवर सप्लाय' आणि त्यात 'बॅट शून्य' नावाचे फोल्डर असते. काही यंत्रांत ते 'बॅट एक' असते, तर आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असलेल्या जुन्या थिंकपॅडमध्ये दोन्ही दिसतात आणि दोन्हींची नोंद स्वतंत्र घ्यावी लागते. या फोल्डरातील 'एनर्जी फुल डिझाइन' ही फाईल कारखान्यातून निघतानाची क्षमता सांगते आणि 'एनर्जी फुल' ही आज बॅटरी पूर्ण भरल्यावर किती ऊर्जा धरते ते सांगते. आकडे मायक्रोवॉट-तासांत असल्यामुळे पहिल्यांदा पाहणारा दचकतो. माझ्या समोरच्या यंत्रात पहिली फाईल ४,८०,००,००० दाखवते, म्हणजे ४८ वॉट-तास. दुसरी ३,५५,२०,००० दाखवते, म्हणजे साडेपस्तीस वॉट-तास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ७४ टक्के येतात आणि बॅटरीचे आरोग्य म्हणतात ते हेच. काही लॅपटॉपमध्ये 'एनर्जी'ऐवजी 'चार्ज' या नावाच्या फायली असतात आणि त्यांचे आकडे मायक्रोअँपिअर-तासांत असतात. भागाकार तोच करायचा, फक्त दोन वेगळ्या यंत्रांची तुलना करायची असेल तर त्या आकड्याला बॅटरीच्या मूळ व्होल्टेजने गुणून वॉट-तास काढून घ्यावेत. ४४०० मिलिअँपिअर-तास आणि १०.८ व्होल्ट असतील तर साधारण साडेसत्तेचाळीस वॉट-तास होतात.

इथे एका शब्दाने अनेकांना फसवले आहे, मलाही. 'कपॅसिटी' नावाची फाईल याच फोल्डरात असते, परंतु ती बॅटरी या क्षणी किती भरलेली आहे एवढेच सांगते. यूपॉवरच्या अहवालात मात्र त्याच 'कपॅसिटी' शब्दासमोर आरोग्याचा टक्का येतो, आणि भरलेपणासाठी तिथे 'परसेंटेज' ही वेगळी ओळ असते. पहिल्या वर्षी मी कर्नलच्या फायलीतला आकडा आरोग्य समजून वहीत लिहिला आणि सकाळी ९८ टक्के असलेली बॅटरी संध्याकाळी ४१ टक्के झालेली पाहून ती निकामी ठरवली. यूपॉवर वापरायचे असेल तर त्याची आज्ञा आधी 'ई' पर्यायासह देऊन उपकरणांची यादी पाहावी, तिच्यातील बॅटरीचा पत्ता उचलावा आणि तो 'आय' पर्यायापुढे लिहावा. टीएलपीच्या 'टीएलपी स्टॅट' या आज्ञेला 'बी' पर्याय दिला तर हेच सारे, शिवाय चार्जिंगच्या मर्यादाही, एका पानावर मिळतात.

'सायकल काउंट' ही फाईलही पाहावी, परंतु तिच्यावर फार विसंबू नये. एक सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे, तर एकूण शंभर टक्क्यांइतका वापर; पन्नास-पन्नास टक्के दोनदा वापरले तरी ती एकच सायकल होते. अनेक यंत्रांचे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेली प्रणाली, हा आकडा पुरवतच नाही आणि मग तिथे शून्य दिसते, त्यावरून बॅटरी नवी आहे असे समजू नये.

हे सगळे आकडे बॅटरीतल्या चिपचा अंदाज असतात, म्हणून बॅटरी प्रत्यक्ष उतरवून, म्हणजे वापरून रिकामी करून, पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. बॅटरी पूर्ण भरावी, पडद्याचा उजेड एका ठरावीक पातळीवर ठेवावा, चार्जर काढावा आणि नेहमीचेच काम सुरू ठेवावे; उघड्या फायली मात्र वरचेवर सेव्ह कराव्यात. दर मिनिटाला वेळ, टक्के आणि व्होल्टेज एका फायलीत लिहिणारी तीन-चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. प्रत्येक नोंदीनंतर 'सिंक' ही आज्ञा घालावी, नाहीतर यंत्र अचानक बंद पडले तर नेमक्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या ओळी डिस्कवर पोहोचतच नाहीत. मागच्या वर्षी एका लॅपटॉपने आरोग्य ७८ टक्के दाखवले, दीड तास बिनतक्रार काम केले आणि ३१ टक्क्यांवर असताना पडदा काळा झाला. नोंदीत शेवटच्या चार मिनिटांत व्होल्टेज एकदम कोसळलेले दिसले. एकापुढे एक जोडलेल्या सेलपैकी एक कमकुवत झाला की असे घडते : बाकीचे सेल शाबूत असतात, पण सगळ्यांची गती त्या एकाच्या गतीने ठरते. अशा बॅटरीला ७८ टक्के म्हणण्यात काही अर्थ नसतो. उलट प्रकारही होतो. जो लॅपटॉप वर्षभर चार्जरवरच राहिला आहे त्याच्या चिपचा अंदाज शिळा झालेला असतो आणि एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्यावर आरोग्याचा आकडा चार-पाच टक्क्यांनी सरकतो. थिंकपॅडसाठी टीएलपीमध्ये 'रीकॅलिब्रेट' ही सोय त्यासाठीच आहे. हे काम वर्षातून एकदा, पहाटेच्या गारव्यात करावे; दर आठवड्याला करणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य विनाकारण खर्च करणे होय.

टर्मिनल जे सांगू शकत नाही ते हाताने तपासावे. लॅपटॉप बंद करून कडप्प्याच्या ओट्यावर किंवा काचेच्या टेबलावर ठेवावा आणि कोपऱ्यांवर हलके दाबावे. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा त्याचे बटण दाबताना घट्ट लागत असेल तर बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जर त्या क्षणी काढावा. मग आरोग्याचा टक्का ९० असला तरी तो लॅपटॉप वापरातून बाजूला ठेवावा.

आता चार्जिंगच्या मर्यादेविषयी, आणि इथे आपल्याकडच्या एका सवयीशी भांडण आहे. घरोघरी इन्व्हर्टर आहे, त्याची बॅटरी सदा भरलेली असावी हे इन्व्हर्टरवाला सांगतो आणि ते बरोबरच आहे, कारण शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेली पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते. लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरीचा स्वभाव नेमका उलटा आहे : ती काठोकाठ भरलेली आणि त्यात गरम, अशा अवस्थेत राहिली की सर्वांत लवकर झिजते. उन्हाळ्यात दिवसभर चार्जरवर असलेला लॅपटॉप याच अवस्थेत असतो. म्हणून यंत्र परवानगी देत असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. बॅटरीच्या फोल्डरात 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' नावाची फाईल असेल तर तिच्यात रूट, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने ८० लिहिले की काम होते, मात्र अनेक यंत्रांत यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ही मर्यादा पुसली जाते. ती कायम ठेवण्यासाठी टीएलपीच्या सेटिंगमध्ये लिहावी. डेस्कटॉपांपैकी केडीई प्लाझ्मामध्ये ही सोय सेटिंगच्या खिडकीतच आहे आणि ग्नोममध्ये ४८व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून आली आहे. लाईट जाणार असल्याची सूचना आदल्या दिवशी मिळाली तर टीएलपीची 'फुलचार्ज' आज्ञा त्या एका वेळेपुरती मर्यादा बाजूला ठेवते. कायम शंभर टक्के ठेवण्यापेक्षा ही तडजोड मला अधिक पटते.

झिजलेल्या बॅटरीसाठी शेवटच्या क्षणाची व्यवस्थाही बदलून घ्यावी. यूपॉवरच्या सेटिंग फायलीत, ठरावीक टक्क्याला पोहोचल्यावर यंत्राने काय करावे हे लिहिलेले असते आणि तो टक्का सहसा २ असतो. अशक्त बॅटरीला २ टक्के दिसेपर्यंत यंत्र टिकतच नाही. तो आकडा ८ किंवा १० करावा, त्याच फायलीतला 'परसेंटेज क्रिटिकल' हा इशाऱ्याचा टक्काही त्याहून वर न्यावा (उतरता क्रम मोडला तर मूळचेच आकडे वापरले जातात) आणि हायबरनेटची, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून बंद होण्याची, घडी नीट बसवलेली नसेल तर सरळ बंद होण्याचा पर्याय निवडावा. सेवा पुन्हा सुरू केल्यावरच बदल लागू होतो.

उष्णतेबाबत थोडक्यात एवढेच की दुपारी पत्र्याखालच्या खोलीत, गोधडीवर ठेवून किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप चार्ज करू नये. सेलभोवती ४५ अंशांच्या वर तापमान असताना चार्जिंग टाळावे. 'सेन्सर्स' ही आज्ञा जे तापमान दाखवते ते बहुधा प्रोसेसरचे असते, बॅटरीचे नव्हे, म्हणून खालच्या बाजूला तळहात लावून पाहणे हाच भरवशाचा उपाय आहे.

नोंद ठेवण्यासाठी दर महिन्याच्या १ तारखेला तारीख, पूर्ण क्षमता आणि सायकल एका फायलीत जोडणारा सिस्टमडी टायमर (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्समधली सोय) लावावा आणि त्यात 'पर्सिस्टंट'चा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे त्या दिवशी यंत्र बंद असले तरी पुढच्या वेळी नोंद होते. एकट्या ७४ टक्क्यांवरून फारसे कळत नाही. मार्चमध्ये ७४ आणि जूनमध्ये ६५ असे दिसले तर लॅपटॉपची जागा बदलायला हवी हे कळते.

नवी बॅटरी घ्यायची झाल्यास 'मॉडेल नेम' फायलीतला क्रमांक लिहून न्यावा, नुसते लॅपटॉपचे नाव सांगू नये. मी एकदा एका दुकानातून नवी म्हणून आणलेल्या बॅटरीने पहिल्याच दिवशी १८७ सायकल दाखवल्या; तेव्हापासून दुकानातच बसवून, आकडे पाहून, मगच पैसे देतो. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, कारण आपल्याकडे उकिरडा पेटवला जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलनासाठी देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. देईपर्यंत तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती पत्र्याच्या डब्यात, वाळू घालून, घराबाहेर सावलीत ठेवावी.