स्थानिक किंमत शिकवताना या चुका टाळा

पहिली-दुसरीच्या मुलासमोर १६ चिंचोके ठेवा. मोजून कागदावर संख्या लिहायला सांगा. मग त्या १६ मधल्या ६ भोवती गोल करून म्हणा, "बेटा, एवढे चिंचोके दाखव." मूल सहा दाखवतं. आता १ भोवती गोल करून तेच विचारा. पुष्कळ मुलं एकच चिंचोका पुढे सरकवतात. मग उरलेले नऊ कुठे लिहिलेत, असं विचारलं की तोंडाकडे बघत राहतात. गंमत म्हणजे याच मुलांच्या वहीत '१६ = १ दशक ६ एकक' यापुढे बरोबरची खूण असते.

स्थानिक किमतीच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. रकाना भरायला शिकवलेलं असतं. दहा सुट्यांचा एक गठ्ठा होतो आणि तो गठ्ठा एकाच वेळी 'एक'ही असतो आणि 'दहा'ही, हे मात्र हातांनी करून पाहिलेलं नसतं.

रकान्यांची घाई

'२७ = __ दशक __ एकक' या प्रश्नात गणित नाहीच. डावीकडचा अंक डावीकडे लिहायचा, उजवीकडचा उजवीकडे, झालं. त्याऐवजी विचारा: ५ एकक आणि ३ दशक म्हणजे किती? ५३ असं उत्तर आलं तर मूल नुसतं क्रमाने अंक उतरवतंय. पुढचा प्रश्न: ३ दशक आणि १४ सुटे म्हणजे किती? इथे ३१४ लिहिणारी मुलं वर्गात निघतातच. हीच मुलं पुढे २७ + १५ ची बेरीजही ३१२ करतात, कारण ७ आणि ५ बारा, २ आणि १ तीन. अशा वेळी 'हातचा विसरलास' एवढं म्हणून सोडू नका. समोर २७ आणि १५ काड्या ठेवून "इथे तीनशेच्या वर काड्या आहेत का?" एवढंच विचारा.

घाई का होते, ते कळतं. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची उद्दिष्टं पहिलीला ९९, दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या अशी आहेत आणि तपासणीला वहीच दिसते. पण गठ्ठ्यांवर घालवलेला वेळ तिसरीत वजाबाकीच्या वेळी वसूल होतो.

तयार गठ्ठे देणं

शिक्षकांनी रात्री बसून काड्यांचे गठ्ठे बांधायचे आणि सकाळी वर्गात वाटायचे, यात शिकण्याचा मुख्य भाग शिक्षकच करून टाकतात. काड्या सुट्या द्या, रबर बँड द्या, मुलांनाच बांधू द्या. कुणी नऊचा गठ्ठा बांधेल, कुणी अकराचा. शेजारच्याने तो मोजून पकडला की ते जास्त पक्कं बसतं.

प्लॅस्टिकचे दशकाचे दांडे दिसायला छान, पण ते तुटत नाहीत. ३२ मधून ७ काढायचे तर गठ्ठा सोडता आला पाहिजे. म्हणून सुरुवात काड्यांनी करावी, दांडे नंतर. गणितमाळ दोन रंगांचे दहा-दहा मणी ओवून करतात, ती मोजायला आणि अंदाज घ्यायला उत्तम, पण सोडा-बांधायचं काम तिच्यावर होत नाही.

नागपुरात आणखी एक मोह असतो, संत्र्यांचा. विषय घरचा, मुलांच्या ओळखीचा, म्हणून 'एका पिशवीत दहा संत्री' असं उदाहरण सर्रास दिलं जातं. पण ठेल्यावर संत्री डझनाने मिळतात, केळीही डझनाने. आईबरोबर बाजारात जाणाऱ्या पोराच्या डोक्यात बाराचा गठ्ठा आधीच बसलेला असतो. संत्री बेरीज-वजाबाकीला घ्या, दशकाला नको.

नोटा चालतात, पण काड्यांनंतर. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. सुरुवातीला फक्त १, १० आणि १०० ठेवा. २, ५, २० आणि ५० बाजूला काढा, नाहीतर दहा-दहाचा नियमच हरवतो.

ऐकलेलं आणि लिहिलेलं

मे महिन्यात इथे पारा ४५ वर जातो. मुलांना ४५ लिहायला सांगा, काही जण ५४ लिहितील. 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी लागतो. काही हुशार मुलं आधी ५ लिहून मग त्याच्या डावीकडे ४ घालतात. उत्तर बरोबर दिसतं, पण तीनशे पंचेचाळीसला गाडी अडते. म्हणून उत्तराबरोबर हातही बघा.

'एकोणतीस' तर आणखी अवघड. त्यात तीस ऐकू येतात, म्हणून मूल ३९ लिहितं. बरं, एकोणनव्वदपर्यंत सवय झाली की ९९ ला नव्व्याण्णव येतं आणि तोही नियम मोडतो.

त्यात आपल्याकडे घरी मराठी, दुकानात 'पैंतालीस' आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात 'फॉर्टी फाइव्ह'. याचा तपासणीसाठी उपयोग करून घ्या. 'फॉर्टी फाइव्ह' ऐकून ४५ आणि 'पंचेचाळीस' ऐकून ५४ लिहिणाऱ्या मुलाची दशकाची समज बहुधा ठीक आहे, त्याला संख्यानावांचा सराव हवा. दोन्ही वेळा चुकणाऱ्याला पुन्हा काड्यांकडे न्या.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचनं आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. माझ्या मते दोन्ही बाजूंनी ते प्रकरण नको तेवढं ताणलं. काही आठवडे "पंचेचाळीस, म्हणजे चाळीस आणि पाच" असं जोडीने म्हणून घ्यावं, मग दुसरा भाग आपोआप गळतो. 'पंचेचाळीस' सोडून चालणार नाही, आजी तेच म्हणणार.

'शून्याला किंमत नाही'

हे वाक्य वर्गात उच्चारूच नये. 'एकशे पाच' ऐकून १००५ लिहिणारं मूल तर्कानेच चाललेलं असतं: आधी शंभर लिहिले, मग पाच. लाल पेनाने खोडून त्याला काही कळत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या करा, प्रत्येक अंकाला सारखीच रुंदी ठेवून. एकीवर १००, दुसरीवर ५. पाचाची पट्टी शंभराच्या शेवटच्या शून्यावर ठेवली की १०५ दिसतं. मधलं शून्य सुटे दशक नसल्याचं सांगतं, आणि ते काढलं तर १५ उरतात, हेही मूल स्वतःच बघतं. ३४५ साठी ३००, ४० आणि ५ अशा तीन पट्ट्या.

दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत यांच्या व्याख्या पाठ करून घेण्याची काहीच घाई नाही. पट्ट्या हाताळलेल्या मुलाला ३४५ मधला ४ म्हणजे ४० हे विचारायच्या आधी माहीत असतं.

घरी काय घ्यावं, असं पालक विचारतात, तेव्हा वर्कबुकऐवजी फासे आणि काड्या सुचवाव्यात. दोन फासे टाकायचे, येतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की बांधायच्या, दहा गठ्ठे झाले की त्यांचा एक मोठा गठ्ठा. शंभरावर आधी पोचेल तो जिंकला. हे जमलं की उलट खेळा: प्रत्येकाने शंभराचा मोठा गठ्ठा घेऊन बसायचं आणि दोन फाशांवर मिळून येतील तेवढ्या काड्या परत करायच्या. पहिल्याच खेपेला ७ आले की मोठा गठ्ठा सोडावा लागतो, त्यातला एक छोटाही सोडावा लागतो, आणि हातात ९ गठ्ठे आणि ३ सुट्या राहतात.