स्वस्त टेबलांचा हाय-फाय रॅक: कामाला हात घालण्यापूर्वीची तयारी

स्वस्त टेबले एकावर एक रचून गाणी ऐकण्याच्या यंत्रांसाठी रॅक करायचा असेल, तर टेबले घेण्याआधी ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर आणि टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचे यंत्र) यांची मापे लिहून ठेवावीत, आणि मागे केबलींच्या पिनांसाठी लागणारी चार बोटे जागाही त्यात धरावी. पूर्ण आकाराचे यंत्र साधारण ४३ सेंटिमीटर रुंद असते. आयकिया या फर्निचर कंपनीचे ५५ सेंटिमीटर चौरस 'लॅक' टेबल या कामासाठी नावाजलेले आहे, कारण त्याच्या ५ सेंटिमीटर जाडीच्या पायांमध्ये ४५ सेंटिमीटर उरतात. सोलापूरकरांना त्यासाठी आयकियाचे हैदराबादचे दुकान गाठण्याची गरज नाही. पायांमधले अंतर तेवढेच असेल, तर गावातल्या दुकानातले टेबलही चालते.

खरी काळजी पायांची घ्यावी. अशा हलक्या टेबलाचा पाय बहुतांशी पोकळ असतो, वरच्या टोकाला तेवढा लाकडी ठोकळा असतो आणि आत कागदाची जाळी असते; कप्पा बुटका करण्यासाठी पाय कापला, की ती जाळी उघडी पडते आणि स्क्रू धरत नाही. म्हणून पोकळीच्या मापाचे ठोकळे सुताराकडून आधीच करून घ्यावेत, ते फेविकॉल लावून बसवावेत, रात्रभर वाळू द्यावेत आणि मगच बारीक भोक पाडून स्क्रू आवळावा. चारही पाय एकत्र बांधून, गुण्या (सुताराचा काटकोन) लावून, एकाच खुणेवर कापावेत. टेबलाचा माथाही आतून पोकळच असल्याने जड ॲम्प्लिफायरखाली १८ मिलिमीटरचे प्लायवूड कडेपासून कडेपर्यंत टाकावे.

आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि तिच्या सांध्यावर पाय आला की रॅक डुगडुगतो, तेव्हा तळाला उंची कमी-जास्त करता येणारे बूट आणावेत. टर्नटेबल सर्वांत वर ठेवावे आणि पाणसळ दोन्ही दिशांनी लावून पाहावी. त्याखाली रबराच्या तुकड्यांवर पॉलिश केलेली शहाबादी लादी ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवतो; ती स्वस्त आहे आणि वजनदारही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून ॲम्प्लिफायरच्या वर किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि धुळीसाठी टाकलेली चादर यंत्र सुरू करण्यापूर्वी काढावी. अर्थिंग असलेला तीन पिनांचा बोर्ड घ्यावा. विजेच्या वायरी एका बाजूने आणि सिग्नलच्या केबली दुसऱ्या बाजूने न्याव्यात, नाहीतर टर्नटेबलच्या अत्यंत क्षीण सिग्नलमध्ये गुणगुण शिरते.

शेवटी रिकामा रॅक वरच्या कोपऱ्याला धरून हलवून पाहावा. तो तिरपा झुकत असेल, तर मागे प्लायवूडची तिरकी पट्टी स्क्रूने आवळल्याशिवाय एकही यंत्र वर चढवू नये.