उन्हाळ्यात नुसतं पाणी पिऊन भागत नाही, खान्देशातल्या उन्हात तर नाहीच

मागच्या मे मध्ये पप्पा केळीत ठिबकच्या नळ्या बघायला गेले, सकाळी ८ ला गेलेला माणूस दुपारी २ ला आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की पाय सरळ होईना. पाणी कमी प्यायलं म्हणावं तर ५ लिटरची कॅन रिकामी करून आणलेली. शर्ट काढला तर पाठीवर पांढरे पट्टे, हाताला खरखरीत लागत होते, ते मीठ होतं. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं आणि आपण परत भरतो फक्त पाणी, तिथंच चुकतं.

तेव्हापासून आमच्याकडे वावरात जाताना दोन कॅन जातात. एकात माठाचं पाणी, दुसऱ्यात पातळ ताक, त्यात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर. तहान लागायची वाट बघायची नाही, उन्हात काम चालू असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास. एकदम तांब्याभर ढोसू नका, पोट जड होतं.

सकाळची न्याहारी म्हणून आंबील कराच. रात्री दोन चमचे दादरचं (रब्बी ज्वारीचं) पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी दोन ग्लास पाणी उकळून त्यात ते हळूहळू ओतत हलवत राहायचं (गुठळी झाली की मजा गेली), ५-७ मिनिटं शिजवून मीठ जिरं घालायचं आणि गार करून प्यायचं. पोटाला आधार पण होतो आणि पाणी पण जातं. कैऱ्या आहेत तोवर पन्हं, उकडून गर काढा, गूळ, मीठ, जिरं घालून फ्रिजमध्ये ठेवा, लागेल तसं पाण्यात कालवा.

जेवणात काकडी, कांदा, दही ठेवा. टरबूज, खरबूज भरपूर खा, टरबुजात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, फक्त गाडीवर कापून उघडं ठेवलेलं नको. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा कोण सोडणार, पण सोबत ताक घ्याच. कोल्ड्रिंकवर मात्र भागवू नका, साखर खूप आणि मीठ नावाला.

जुलाब, उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी, नसली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा धरायचा. मीठ अंदाजे टाकू नका, लहान मुलांना जास्त मीठ धोक्याचं. एरवी ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूधच जास्त वेळा पाजा. बीपी, किडनी, हार्टवाल्यांनी मीठ आणि नारळपाणी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच, आणि जो दिवसभर कूलरपुढे बसलाय त्याला जास्तीचं मीठ लागतच नाही.

लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. पण उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तव्यासारखं तापलं तर घरगुती उपाय बंद, लगेच १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतत वारा घाला, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, श्वासात जातं.