५९५.८ कुठून आलं?

मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि ठाणे स्टेशनजवळच्या क्लासमधला तीन महिन्यांचा कॅडचा (संगणकावर डिझाइन करण्याचा) कोर्स, एवढ्या भांडवलावर मी रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनलच्या एका कारखान्यात लागले. ड्रॉइंग समोर ठेवलं की तसंच्या तसं मॉडेल उभं करायला मला वेळ लागत नसे. पण कारखान्यात कोऱ्या स्क्रीनवरून सुरुवात क्वचितच होते. 'मागच्या वेळचंच, पण ८०० रुंद', 'तेच, पण पत्रा जाड', अशीच कामं येतात. क्लासमध्ये मॉडेल करायला शिकवलं होतं, केलेलं मॉडेल बदलायला नाही.

पहिला दणका बसला तो एका ट्रेवरून. ६०० मिलिमीटर रुंद बॉडी, सोळा गेज म्हणजे १.६ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादी) पत्रा, आत सरकणारा ट्रे, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी फट. ६०० मधून ३.२ गेले, १ गेला, उरले ५९५.८. कॅल्क्युलेटरवर काढलं आणि ट्रेच्या स्केचमध्ये टाइप करून मोकळी झाले. दोन महिन्यांनी ग्राहकाने तीच बॉडी २ मिमी पत्र्यात मागितली. मी बॉडीची जाडी बदलली. आतली जागा ५९६ झाली, ट्रे ५९५.८ वरच राहिला. इंटरफेरन्स, म्हणजे भाग एकमेकांत घुसतात का ते, तपासलं, कुठे काही घासत नव्हतं. ड्रॉइंग खाली पाठवलं.

"मॅडम, जरा खाली या." फोरमनकाकांच्या हातात पावडर कोटिंग होऊन आलेला ट्रे होता. एक कोपरा आत घातला, दुसरा घालायला गेले तर अडकला. "रंगाआधी जात होता. आता बघा." त्यांनी तळहाताने ठोकलं तशी नव्या रंगावर पांढरी रेघ उमटली. हिशोब सोपा होता. दोन्ही बाजू मिळून फट उरली होती ०.२ मिमी. कोटिंगचा थर साधारण ७० मायक्रॉन, तो बॉडीच्या दोन आतल्या भिंतींवर आणि ट्रेच्या दोन बाजूंवर, म्हणजे चार वेळा. झाले ०.२८. असे बारा ट्रे पुन्हा कापावे, वाकवावे आणि रंगवावे लागले.

आमचे डिझाइनचे सर रागावले नाहीत. मॉडेल उघडून त्या मापावर कर्सर ठेवला आणि विचारलं, "हे ५९५.८ कुठून आलं?" मला चटकन सांगता येईना. दोन महिन्यांपूर्वीचा कॅल्क्युलेटर कोणाच्या लक्षात असतो?

त्यांनी त्या आकड्याच्या जागी जे लिहिलं ते असं: ट्रे_रुंदी = बॉडी_रुंदी − २ × जाडी − २ × फट. (सॉफ्टवेअरमध्ये ही नावं आम्ही रोमन लिपीत देतो, इथे मराठीत लिहितेय.) यातली बॉडी_रुंदी, जाडी आणि फट ही हाताने भरायची व्हेरिएबल्स, ट्रे_रुंदी ही त्यांच्यातून निघणारी. पुढे मी यात एक कोटिंग_थर वाढवला आणि '− ४ × कोटिंग_थर' जोडलं. फट म्हणजे रंगानंतरची फट, हे तेव्हापासून सूत्रातच लिहिलेलं आहे.

सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हे इक्वेशन्सच्या खिडकीत ग्लोबल व्हेरिएबल म्हणून होतं, फ्यूजनमध्ये मॉडिफाय मेनूतल्या चेंज पॅरामीटर्समध्ये. पैसे न खर्चता शिकायचं तर फ्रीकॅड घ्या. त्यात स्प्रेडशीटच्या चौकटीला टोपणनाव देऊन ते मापात वापरता येतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून याच कामासाठी व्हॅरसेट नावाची वेगळी सोयही आहे. बटणं दोन दिवसांत सापडतात. अडतं ते कशाला नाव द्यायचं याच्यावर.

नवीन मुलं इथे दोन टोकांना जातात. काही जण एकालाही नाव देत नाहीत. काहींना ते एकदा कळलं की प्रत्येक फिलेटला (गोल केलेल्या कोपऱ्याला), प्रत्येक भोकाला नाव देत सुटतात, ऐंशी ओळींची यादी होते आणि ती दुसऱ्या कोणाला उघडवत नाही. मी स्वतःला विचारते, ग्राहक किंवा शॉप फ्लोअर यातलं काय बदलायला सांगू शकतो? उंची, रुंदी, खोली, जाडी, फट, फार तर दरवाज्यांची संख्या. पॅनलला आठ-दहाच्या वर हाताने भरायची व्हेरिएबल्स लागली तर मला संशय येतो.

न बदलणाऱ्या आकड्यालाही कधी नाव द्यावं लागतं, तो कोणी चुकीचा टाइप करू नये म्हणून. सर्व्हर रॅकमध्ये उंची 'यू' मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. आमच्याकडे एकाने सोयीसाठी ४४.५ धरलं. एका यूला काय, ०.०५ चा फरक. ४२ यूच्या रॅकमध्ये वरच्या टोकाला तो २.१ मिमी झाला आणि भोकं जुळेनात.

लूव्हरच्या, म्हणजे हवेसाठी पत्र्यात पाडलेल्या फटींच्या, जाळीने मला एकदा असंच फसवलं. उंची ९००, वर-खाली १०० सोडायचे, अंतर ४०. ७०० भागिले ४० म्हणजे साडेसतरा, अधिक एक, म्हणजे साडेअठरा लूव्हर! पूर्णांक कुठल्या बाजूला करायचा ते आपण सांगायचं. एकोणीस धरले तर शेवटचा लूव्हर सोडलेल्या जागेत २० मिमी घुसतो, म्हणून इथे फ्लोर (खालचा पूर्णांक घेणारं फंक्शन) वापरून अठराच. फ्यूजनसारखी सॉफ्टवेअर एककंही बघतात. मिमीला मिमीने भागलं की नुसती संख्या उरते आणि ती नगांसाठी चालते. त्यात चुकून आणखी एखादं मिमी मिसळलं की सूत्र लाल होतं. त्या लालवर चिडू नका, ते तुमच्या बाजूचं आहे.

सूत्रं लिहून झाली की मॉडेल ताणून बघा. रुंदी ४०० करा, मग १२०० करा. जाडी १.२ करा, मग ३ करा. कुठेतरी स्केच उलटं होईल, एखादं भोक पत्र्याबाहेर जाईल. ते आपल्या टेबलावर झालेलं बरं. जाडी बदलल्यावर बेंडिंगचा के-फॅक्टरही (वाकवलेल्या भागाचा सपाट पत्रा किती लांब कापायचा ते ज्यावरून निघतं तो आकडा) तपासा. तो पुस्तकातून उचलू नका, प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, काम करणाऱ्याला विचारा. त्याच्याकडे त्याच्या मशीनचा आकडा असतो.

एक खोड मात्र अजून छळते. बॉडी, दरवाजा, ट्रे या सगळ्या पार्टना मिळून व्हेरिएबल्सची एकच टेक्स्ट फाइल जोडता येते, आणि सोय मोठी आहे. पण नवीन ऑर्डरसाठी मी जुना फोल्डर नुसता कॉपी केला तेव्हा नव्या पार्टची जोडणी जुन्या फोल्डरमधल्या फाइललाच राहिली. नव्या कामाची रुंदी बदलली आणि पाठवून झालेल्या कामाचं मॉडेल पण हललं. आता फोल्डर कॉपी केला की पहिल्यांदा जोडलेल्या फाइलचा पत्ता बघते.

आता वागळे इस्टेट, महापे, तुर्भे इकडून मुलं आमच्याकडे मुलाखतीला येतात, चकचकीत रेंडरची पीडीएफ घेऊन. पीडीएफ ठेवा बाजूला. पेनड्राइव्हवर मूळ फाइल आणा, साध्या डब्याची असली तरी चालेल. मी ती उघडून जाडी १.६ ची २ करणार, आणि मग एका मापावर कर्सर ठेवून ते कुठून आलं ते विचारणार.